जळलं की जपलं

कामावरचे उदयसिंह साहेब ड्रिलिंगच्या रिगपाशी आले ते तोंडाचा पट्टा सोडतच. "आठवड्यात तीन! हिऱ्याची तीन बिटं जाळली ह्या बाबानं! यल्लाप्पा, आज सांजपतोर दगड वर आला न्हाय, तर उद्यापासनं रिगवर दुसरा माणूस!"

कळंब्याच्या माळावरल्या ओढ्यावर पूल व्हायचा होता. त्याच्या पायासाठी रिगच्या टोकाला हिरे बसवलेलं बिट लावून खालचा काळा दगड गोल कापून वर काढायचा, पारखायला. यल्लाप्पामामांची तीस वर्षं ह्यातच गेलेली. त्यांनी मान खाली घातली. शबनूर ही बिटं बनवणाऱ्या कारखान्यातून तपासणीला आलेली. कागदावर साहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'बिट जळलं'. तिनं नुसती सही ठोकायची. वा रे न्याय!

तिनं तिसरं बिट उचललं, ओढणीनं पुसलं. जळलेलं बिट काळंनिळं पडतं, तडकतं. हे तर लखलखत होतं की! शबनूर हुपरीची, घरात सगळे पैंजणांना पॉलिश मारणारे. चांदी लखलखली की काम फत्ते. पण बिट लखलखलं की मेलं, हे ती कारखान्यात शिकली होती. तिनं बिटाच्या तोंडावरून नख फिरवलं. कुठं अडकलंच नाही, सर्रकन घसरलं.

"मामा, दाब किती देताय?"

"हलकाच. आन् पाणी मायंदाळ."

"एवढ्या कडक दगडात हलका? का वो?"

मामा घुटमळले. "पहिलं बिट गेलं तवा सायबच म्हणालं, महागाचं हाय, जपून चालीव. मग जपलं की पोरागत."

शबनूर खळखळून हसली. "म्हणजे लाडानं बिघडलंय! सायब, धातू झिजला तरच आतला नवा हिरा तोंड काढतोय. ह्यांनी झिजूच दिलं न्हाय."

"झिजू दे म्हणतीस? शानीच हाईस!"

"व्हय, झिजू दे!" तीही तेवढ्याच आवाजात म्हणाली. चुकलं तर मामांची रोजीरोटी जाणार होती.

तिनं रिगखाली भाजक्या विटा ठेवायला लावल्या. धातू झिजावा म्हणून मामांनी बिट त्यांत फिरवलं. लाल चिखल उडाला. पुन्हा नख फिरवलं तर खरखरीत लागलं. मग बिट भोकात सोडलं, पाणी कमी केलं, आणि मामांनी दाब दिला, तीस वर्षांचा सगळा राग काढून. रिग घुमली. चारच्या सुमाराला नळीतून हातभर लांब काळा दगड निघाला, अखंड. मामांनी तो साहेबांच्या हातात दिला.

साहेबांचा चेहरा उजळला. "झकास! आता जरा जपून..." म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली.

शबनूरनं कागद पुढं ओढला. 'जळलं'मधला ळ खोडून वर प लिहिला, 'बिट जपलं', आणि पेन साहेबांपुढं धरलं.

"करा सही."

साहेबांनी केली, जरा वाकडीच.