रद्द केलेले तीन नकाशे

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मला सगळे मावशी म्हणतात, आणि मावशीच्या मशीनला हात लावायची कुणाची टाप नाही. हे मशीन डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, म्हणजे कॉर्नियावर, उजेडाची वर्तुळं पाडतं आणि त्यांच्या आकारावरून रंगीत नकाशा काढतं. सपाट भाग निळा, फुगीर भाग लाल. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मी त्याच्यासमोर कंपनीने दिलेला गोळा लावते. गोळ्याचं माप ठरलेलं आहे. मशीनने तेच दाखवलं तर मशीन ठीक. त्या गोळ्याला कुणाचं बोट लागलं की मी काय काय बोलते, ते साफसफाईच्या बाईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ऐकून घेतलंय.

प्रत्येक डोळ्याचे मी चार नकाशे काढते. पेशंट पापणी मिटतो, डोळा कोरडा पडतो, मग नको तिथे लाल दिसतं. म्हणून चारातला स्वच्छ तेवढा ठेवायचा, बाकीचे रद्द. डॉक्टर मी ठेवलेलाच बघतात. मावशींनी काढलाय ना, मग झालं, असं म्हणतात. हे ऐकून मी वीस वर्षं फुशारून जात आले, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी सकाळी माझ्या बहिणीची मुलगी आली. घरात तिला चिमणी म्हणतात. ही चिमणी साठ किलोचं पोतं खांद्यावर टाकून चार जिने चढते. अग्निशमन दलाच्या भरतीत धावणं, चढणं सगळं पार केलेलं, अडलं होतं ते फक्त चष्म्यापाशी. लेझर करून चष्मा घालवायचा आणि दोन महिन्यांनी डोळ्यांची तपासणी द्यायची, एवढंच उरलं होतं. लेझरच्या आधी नकाशा लागतो.

उजव्या डोळ्याचा पहिला नकाशा आला आणि खालच्या बाजूला लालभडक डाग. दुसरा काढला, तोही तसाच. बिघडलंय मेलं मशीन, मी म्हटलं. चिमणीला बाहेर बसवलं, भिंग पुसलं, गोळा परत लावला. माप अचूक. काउंटरवरच्या बाईंना धरून आणून बसवलं, त्यांचा डोळा स्वच्छ आला. चिमणीच्या डोळ्यात थेंब घालून पुन्हा काढला. डाग तिथेच.

दीड वर्षापूर्वी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून ती आली होती, तेव्हा मीच नकाशा काढला होता. तो उघडला. निळाशार, नाव ठेवायला जागा नाही. मग मी कधीच करत नाही ते केलं, रद्द केलेल्यांची यादी उघडली. तिन्हींत खाली, त्याच जागी, फिकट नारिंगी डाग होता. ठेवला होता तो चौथा. चौथ्या वेळी मी तिची पापणी बोटाने वर धरली होती, तेही आठवलं. डोळ्यावर बोटाचा दाब आला की कॉर्नियाचा आकार बदलतो. पापणी धरा, डोळा दाबू नका, हे मी नव्या मुलींना रागावून रागावून शिकवते. त्या दिवशी मात्र घरचंच पोर, त्याला काय असणार, असं म्हणून चांगला दिसला तो ठेवला.

हे मी गप्प राहून पचवू शकले असते. जुना नकाशा स्वच्छ आहे, आजार नंतर झाला, एवढं म्हटलं असतं तर कुणी यादी उघडून बघितली नसती. पाच मिनिटं मी तसा विचार केलासुद्धा. मग सगळे नकाशे छापले आणि चिमणीला घेऊन डॉक्टरांसमोर ठेवले.

डॉक्टरांनी जुने-नवे नकाशे शेजारी शेजारी मांडले. कॉर्निया पातळ होऊन पुढे येतोय, म्हणाले. लेझर करायचंच नाही, केलं तर डोळा जाईल. वाढ थांबवायचा उपाय आहे, तो लगेच करू. तेव्हाच कळलं असतं तर बरीच नजर वाचली असती, हेही त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. भरतीचं चिमणीने विचारलं नाही. तिला कळलं होतं.

ती छापलेले कागद एकेक करून बघत होती.

"मावशी, तुला तेव्हा माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण दिसलं होतं."

मला वाटलं, आता ही उठून जाईल. मी तिच्या जागी असते तर गेले असते. उपायासाठी आजचे नकाशे पुन्हा नीट हवेत, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुणाला सांगू का, असंही त्यांनी तिला विचारलं. चिमणी उठून माझ्या खोलीत आली, हनुवटी टेकवून बसली आणि तिने स्वतःच्या बोटांनी पापणी वर धरली.

"काढ," ती म्हणाली, "तू मात्र हात लावू नकोस."

मी हात मागे घेतला. डोळे भरून आले होते, मशीनचा पडदा धूसर दिसत होता. पुसले आणि बटण दाबलं.