उन्हातलं पाणी ओळखायला शिकलेला वायपर

मी एक जुना वायपर आहे. मोटारीच्या पुढच्या काचेवर, चालवणाऱ्याच्या बरोबर समोर, माझी जागा असते. मित्रांनो, पाऊस पडत असताना मागच्या सीटवर बसून तुम्ही माझी ये-जा पाहिली असेल, कदाचित बोटाने माझी नक्कलही केली असेल. पण मला कधी हलायचे आणि कधी गप्प पडून राहायचे हे कोण सांगते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. माझ्या आयुष्यातली सगळी सुखदुःखे मात्र या एकाच प्रश्नाभोवती घडली.

माझा जन्म फरिदाबादच्या एका कारखान्यात झाला. पोलादाची पट्टी वाकवून माझा हात तयार केला, त्याला काळा रंग दिला आणि शेवटी रबराची पातळ पट्टी बसवली. माझे बरेच सोबती टॅक्सींवर गेले. मी नोएडातल्या एका कंपनीत पोहोचलो. ही कंपनी नव्या मोटारींसाठी आपोआप चालणारे वायपर तयार करत होती. मला एका पांढऱ्या चाचणीच्या गाडीवर बसवण्यात आले.

त्या गाडीत आरशामागे एक छोटा कॅमेरा होता. तो सतत काचेचे फोटो काढी आणि गाडीतल्या संगणकाकडे पाठवी. संगणक ते पाहून ठरवी आणि मला हुकूम येई. संगणकाला हे शिकवले कसे? तर लाखो फोटो दाखवून. प्रत्येक फोटोखाली कोणीतरी माणसाने उत्तर लिहिलेले असे: 'पुसा', 'जोरात पुसा', 'पुसू नका'. एवढे फोटो पाहता पाहता संगणक स्वतःच काहीतरी खूण शोधून काढतो आणि नव्या फोटोत तीच खूण दिसली की तेच उत्तर देतो. त्याने नेमकी कोणती खूण धरली आहे, हे मात्र तो कोणाला सांगत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमचा घात तिथेच झाला.

संगणकाला शिकवायचे आणि शेवटी सही करून मंजुरी द्यायचे काम मयुराताईंकडे होते. त्या मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर दिल्लीत आलेल्या. मयूर विहारमधल्या सोसायटीत त्या, त्यांचे यजमान, दहा वर्षांची अवनी आणि सासरे राजाभाऊ राहत. राजाभाऊंनी हवामान खात्यात चौतीस वर्षे पाऊस मोजला होता. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचे निम्मे आयुष्य गेले होते. आता ते निवृत्त होते आणि सुनेने घरी आणलेली चाचणीची गाडी सोसायटीत उभी असली की माझ्याजवळ येऊन मला बारकाईने न्याहाळत.

पहिल्या पावसाळ्यात माझे फार कौतुक झाले. बारीक भुरभुर असो की धो धो सर, मी वेळेवर हलायचो आणि वेळेवर थांबायचो. शंभरातून सत्त्याण्णव वेळा माझे बरोबर येत होते. मयुराताईंचे साहेब निखिल पाहुण्यांना गाडीत बसवून म्हणत, "बघा, हात लावायची गरजच नाही!" लवकरच त्यांनी ठरवले की नव्या गाडीत वायपर हाताने चालू करायची दांडीच ठेवायची नाही. आमच्या चाचणीच्या गाडीतली, स्टिअरिंगजवळची दांडी काढून टाकण्यात आली. वायपर हाताने चालवायचाच झाला, तर पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट लावावे लागे. त्या वेळी मलाही त्याचा अभिमानच वाटला होता.

पावसाळा संपला. दिल्लीच्या हवेत धूर आणि धूळ दाटू लागली, आकाश दिवसदिवस राखाडी राहू लागले. आणि मला विचित्र हुकूम येऊ लागले. पाण्याचा थेंब नसताना मी कोरड्या, धुळीने भरलेल्या काचेवर करकरत फिरू लागलो. माझे रबर फाटले. मयुराताई मला करोल बागेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने रबर काढून हातात घेतले आणि मान हलवली.

"धूल पे सूखा चला रहे हो, मैडम? रबर तो गया ही, अब शीशा भी जाएगा."

काचेवर खरेच एक बारीक चरा उठला होता. मयुराताईंनी वहीत नोंद केली. पण गाडी बाजारात आणायची तारीख जवळ आली होती, आणि असे का होते हे शोधायला कोणाला सवड नव्हती.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारची गोष्ट. नोएडात मराठी मंडळाची चित्रकला स्पर्धा होती. मयुराताई अवनीला घेऊन निघाल्या, राजाभाऊ शेजारच्या सीटवर बसले. सकाळचे आठ वाजले होते. बऱ्याच दिवसांनी आकाश मोकळे होते आणि सूर्य अगदी समोर होता.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारणारा एक टँकर पुढे चालला होता. आमची गाडी त्याच्या जवळ गेली तेव्हा पाण्याचा मोठा फवारा, रस्त्यावरच्या मातीसकट, आमच्या काचेवर आदळला. त्यावर ऊन पडले आणि अख्खी काच दुधासारखी पांढरी झाली.

मी हुकुमाची वाट पाहत राहिलो. हुकूम आला नाही.

"अरे, पुस ना!" मयुराताई ओरडल्या. त्यांचे एक बोट पडद्यावर बटण शोधत होते. "बाबा, मला काही दिसत नाहीये!"

राजाभाऊंनी खिडकीची काच खाली केली आणि डोके बाहेर काढले. "ब्रेक! ब्रेक दाब! डावीकडे सायकलवाला आहे!"

ताईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबता थांबता त्या सायकलच्या मागच्या चाकाला तिचा धक्का लागला. सायकलवरचा भाजीवाला आडवा झाला. त्याच्या टोपलीतली गाजरे रस्त्यावर पसरली.

सगळे धावत उतरले. त्याच्या कोपराला खरचटले होते, बाकी तो बरा होता. काचेकडे बोट करून तो चिडून म्हणाला, "शीशा तो साफ कर लेते, मैडम!"

ताईंनी आपल्या रुमालाने त्याचे कोपर पुसले, त्याला जवळच्या दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून घेतली. अवनी आजोबांसोबत मागे थांबून गाजरे एकेक करून टोपलीत भरत होती. आणि मी, ज्याचे कामच काच पुसणे, तिथे निर्जीव काठीसारखा पडून होतो. मित्रांनो, त्या दिवसाइतकी शरम मला कधी वाटली नाही.

घरी परतताना गाडी मेट्रोच्या पुलाखालच्या सावलीत शिरली. काचेवर उरलेला चिखल एव्हाना वाळला होता. आणि अचानक मला हुकूम आला, "जोरात पुसा!" मी खडखडत फिरू लागलो.

"गाडी थांबव," राजाभाऊ म्हणाले. त्यांनी आधी माझ्याकडे, मग वरच्या पुलाकडे पाहिले. "मयुरा, ऊन होतं तेव्हा हा हलला नाही. सावली आली तेव्हा हलला. काचेवर पाणी आहे की नाही, हे तुझं यंत्र बघतच नाहीये. ते आभाळ बघतंय."

ताई हळूच म्हणाल्या, "आणि धुळीच्या दिवसांत आभाळ राखाडी होतं. म्हणून कोरडा चालत होता."

"पाऊस पडतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. तुमच्या यंत्राने सोपी खूण धरली, बस. आमच्या खात्यात नवी पोरंसुद्धा हेच करायची. खिडकीतून ढग बघून पावसाचा आकडा लिहायची!"

दुसऱ्या दिवशी मयुराताईंनी फोटोंची मोजदाद केली. 'पुसा' असे उत्तर असलेले दोन लाख फोटो होते. त्यांत ऊन पडलेले तीनशेसुद्धा नव्हते. त्या निखिलसाहेबांना गाडीजवळ घेऊन आल्या.

"मी या सिस्टिमवर सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"मयुरा, यार, सत्त्याण्णव टक्के आहे! आणि उन्हात पाऊस किती वेळा पडतो?"

"पाऊस नाही पडत. पाणी पडतं. टँकरचं, ट्रकच्या चाकाचं, बागेच्या पाइपचं. काल माझी मुलगी गाडीत होती, निखिल. आणि समोर एक माणूस होता."

"लाँच दोन महिने पुढे जाईल. वरती काय सांगू मी?"

"तुम्ही एकदा आत बसा. गाडी जागच्या जागी उभीच राहू दे. मग ठरवा."

निखिलसाहेब ड्रायव्हरच्या जागी बसले. ताईंनी आवारातला बागेचा पाइप घेतला आणि भर उन्हात काचेवर गढूळ पाणी सोडले. मी पडून राहिलो. साहेबांनी पडद्यावर बटण शोधायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... नऊ सेकंद गेले. ते गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"नऊ सेकंदांत गाडी कुठल्या कुठे गेली असती," ते स्वतःशीच म्हणाले. मग ताईंकडे वळले. "वरती मी बोलतो. आणि ती दांडी परत बसवा."

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत आनंदाचे. आम्ही पाणी मारणाऱ्या टँकरांच्या मागे हिंडलो. कारंज्यांजवळ उभे राहिलो, धुक्यात भिजलो, दवाने ओथंबलो. पाखरांनी काचेवर केलेली घाणसुद्धा ताईंनी पुसू दिली नाही, आधी तिचे फोटो काढले! नव्या फोटोंवर उत्तरे लिहायला माणसे कमी पडू लागली, तेव्हा राजाभाऊ आपणहून पुढे आले. कंपनीने त्यांना रीतसर कामावर घेतले. काम करायची त्यांची एक युक्ती होती. फोटोतल्या आभाळावर ते एक पोस्टकार्ड धरत आणि मगच विचार करत.

एका सुट्टीच्या दिवशी अवनी त्यांच्याशेजारी येऊन बसली. "आजोबा, असं झाकता कशाला?"

"आभाळ दिसलं की मन आधीच उत्तर देऊन मोकळं होतं. आता सांग, समोरचा रस्ता दिसतोय?"

"दिसतोय, पण काचेवर छोटे छोटे ड्रॉप्स आहेत."

"त्याला शिंतोडे म्हणतात. मग पुसायचं का?"

अवनीने डोळे बारीक केले. "एकदाच. बिल्कुल हळू."

"अच्छा! मग तसंच लिहू."

मयुराताईंनी हे ऐकले आणि तीच युक्ती संगणकाला शिकवताना वापरली. हजारो फोटोंतले आभाळ झाकून टाकले. सोपी खूण हातातून गेल्यावर त्याला काचेकडेच पाहावे लागले. सुरुवातीला तो फार चुकला. उन्हात तर शंभरातून साठ वेळासुद्धा त्याचे बरोबर येईना. निखिलसाहेब कपाळाला हात लावून बसले. पण आठवड्यामागून आठवडा आकडा चढत गेला.

फेब्रुवारीत एका बंद रस्त्यावर शेवटची चाचणी झाली. स्वच्छ ऊन होते. टँकरने फवारा मारला, काच पांढरी झाली, आणि पाणी खाली ओघळायच्या आत मी झपकन वळलो! एका फेरीत रस्ता लख्ख दिसू लागला. गाडीतले सगळे ओरडले. दिवसभरात ही चाचणी शंभर वेळा झाली. मी पंचाण्णव वेळा वेळेवर हललो. कोरड्या धुळीवर गप्प राहण्याचीही परीक्षा झाली. तिथे मी शंभरात नऊ वेळा चुकलो.

"राहिलेल्या चुकांचं काय?" निखिलसाहेबांनी विचारले.

"त्यासाठी दांडी आहे," ताई म्हणाल्या. "आणि प्रत्येक चुकीचा फोटो आपल्याकडे आलाच पाहिजे. असं लिहून देणार असाल, तर मी सही करते."

साहेबांनी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिले. ताईंनी सही केली.

आज त्या सिस्टिमच्या गाड्या रस्त्यावर धावतात. मी आता थकलो आहे. आमची चाचणीची गाडी कंपनीने गाझियाबादच्या एका तंत्रशिक्षण संस्थेला दिली. तिथे विनायकसर मुलामुलींना शिकवतात. सुरुवातीचे काही महिने आम्ही शेडमध्ये तसेच पडून होतो. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले, रबर कडक झाले. मग एके दिवशी वर्ग भरला, मला नवे रबर मिळाले आणि काम पुन्हा सुरू झाले.

मागच्या महिन्यात पिंपळाचे वाळके पान काचेवर येऊन पडले आणि मी उगीचच फिरलो. एक विद्यार्थिनी चटकन म्हणाली, "सर, ये तो गलत हुआ!"

सर हसले. "बहुत अच्छा! फोटो लो, और सही जवाब लिखो."

मुलांनी मग पानांचेच फोटो काढले. हिरवी, वाळकी, भिजलेली, फाटकी, शेकडो पाने. प्रत्येक फोटोखाली त्यांनी उत्तर लिहिले आणि संगणकाला पुन्हा शिकवले. परवा वाऱ्याने एक पान काचेवर आले. मी जागचा हललो नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. काचेवर धूळ साचली तर आधी पाणी मारा, मग मला फिरवा. माझे रबर कडक झाले की बदला. यंत्र कितीही हुशार असो, त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका, आणि ते चुकले तर ओरडून सांगा. चूक ऐकून घेणारी माणसे समोर असतील, तर माझ्यासारखी पोलादाची काठीसुद्धा रोज थोडी शहाणी होते. आणि चूक दाखवणारे कोणी तुमच्या घरात, तुमच्या वर्गात असेल, तर त्याला आधी जवळ बसवून घ्या.