किती बदलले, हे मला सांगू द्या

मित्रांनो, मी संगणकाच्या एका भाषेतली जुनी आज्ञा आहे. माझे नाव 'बदल'. मला मजकूर द्या, जुना आणि नवा शब्द सांगा. मी जुन्याच्या जागी नवा बसवते. काम साधे. पण ते झाल्यावर परत काय द्यायचे, यावरून मला आयुष्यभर मनस्ताप झाला.

आमची भाषा बहीण-भावाच्या एका जोडीने घडवली. ताईच्या मते किती शब्द बदलले, तो आकडा मी परत द्यावा. मी तो देऊ लागले. मग ही भाषा वापरणाऱ्या एकाने माझे उत्तर न बघताच छापले आणि पानभर पत्राच्या जागी नुसता '३' उमटला. तक्रारींना कंटाळून धाकट्या भावाने मला नवा मजकूर द्यायला लावले आणि आकडा काढून टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. माझी मात्र घुसमट झाली. जुना शब्द सापडला नाही, तरी मी मजकूर होता तसा परत द्यायचा. काहीच बदलले नाही, हे सांगायची सोयच नव्हती.

धाकटा एका दवाखान्यात नोकरीला होता. तिथे एका औषधाची मात्रा कमी करायची ठरली. रुग्णांना द्यायच्या पत्रकांतल्या 'दोन गोळ्या' काढून 'एक गोळी' घाल, असे त्याने मला सांगितले. पत्रकांत होते '२ गोळ्या'. मला काही सापडले नाही. मी गप्प राहिले आणि पत्रके छापली गेली.

औषधे देणाऱ्या बाईंचे लक्ष गेले, तोवर एक पत्रक घेऊन एक आजोबा निघाले होते. बाई फाटकापर्यंत धावल्या, पत्रक परत आणले आणि धाकट्याच्या टेबलावर ठेवले.

त्याने ताईला फोन लावला. "या 'बदल'नं चूक दाखवलीच नाही गं."

"कशी दाखवणार? आकडा तूच काढलास," ताई म्हणाली. "माझंही चुकलंच. नुसत्या आकड्यानं तरी कुणाचं काय भागणार होतं?"

त्या आठवड्यात दोघांनी मला पुन्हा घडवले. आता मी दोन्ही देते, नवा मजकूर आणि बदलांचा आकडा. तरी पुष्कळजण मजकूर उचलतात आणि आकड्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. चीड येते, मित्रांनो. तुमच्या शब्दांची काळजी मी एकटी किती वाहू? मी 'शून्य' म्हणाले, तर छापण्याआधी एकदा थांबा आणि वाचा.