सूर्य मावळेपर्यंत वाजवायचं गाणं

नाचणारी माणसं बँडकडे बघत नाहीत. ज्याने चार वर्षं स्टेजवर काढलीत त्यालाच हे कळतं. ताल एकदा पायांत शिरला की समोर बाराजण वाजवताहेत की दोघं, हे कुणी मोजत बसत नाही. त्या दिवशी आमचे बारा जीव या एवढ्याशा गोष्टीवर टांगले होते. त्यातला माझा सगळ्यात शेवटी ठेवला होता, आणि तो ठेवणारा माझा नवरा होता.

१९३८ चा ऑगस्ट. एल्जिन पेटवेचा बँड म्हणजे अकरा पुरुष आणि पियानोवर मी, व्हर्डेल. सगळे काळे. एल्जिनशी लग्न होऊन आठ महिने झाले होते. तो ट्रम्पेट वाजवायचा आणि फार छान वाजवायचा, ते मी आजही नाकारत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या दक्षिणेला ऑर्चर्ड बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या जत्रेतल्या नाचघरात दुपारी एक ते चार आम्ही वाजवायचं आणि संध्याकाळी गोरा बँड येणार, असं ठरलं होतं. गावाची हद्द लोखंडी पुलापाशी सुरू होते. पूल ओलांडला की लगेच पाटी होती: काळ्यांनी सूर्य मावळायच्या आत गाव सोडावं. पाटीवर छऱ्यांची भोकं होती. आमची बस चालवायचा तो होझिया क्रम्प, बँडमधला बासवाला, माणसाएवढं उंच तंतुवाद्य वाजवणारा. अशी पाटी दिसली की तो टोपी काढायचा आणि म्हणायचा, "राहायला नाही आलो हो, नुसते वाजवून जातो!" सगळे हसायचे. त्या दिवशीही हसलो.

चार वाजले तरी गोरा बँड आला नाही. नाचघराचा मॅनेजर, मिस्टर स्ट्राउड, घाम पुसत स्टेजपाशी आला.

"त्यांची बस वाटेत बंद पडलीय. ते येईपर्यंत तुम्हीच वाजवा."

एल्जिन आधीच टोपी हातात घेऊन उभा होता. "साहेब, सातनंतर उजेड राहत नाही."

"अरे, मी आहे ना! शेरिफला सांगून ठेवतो. तो सोडेल तुम्हाला पुलापर्यंत."

सहाच्या सुमाराला शेरिफ गाडी घेऊन घरी जेवायला गेला तो गेलाच.

नाही म्हणायची सोय नव्हती. लोकांच्या हातात सोड्याच्या बाटल्या होत्या, पण आत सोडा नव्हता. नाच बंद केला तर ही माणसं चवताळणार, आणि वाजवत राहिलो तर सूर्य जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि तोंडावर हसू ठेवायचं होतं.

साडेसहाला एल्जिनने निरोपाचं गाणं काढलं. प्रत्येक बँडचं असं एक संथ गाणं असतं. ते सुरू झालं की लोकांना कळतं, नाच संपला. बायका पर्स शोधतात, पुरुष टोप्या शोधतात. इथे ते हसायला लागले. पिठाच्या गिरणीच्या मालकाचा मुलगा, पांढऱ्या बुटांतला, थेट स्टेजवर चढला आणि त्याने माझ्या पियानोवर कोपर टेकलं.

"ए पोरी, ही अंगाई बंद कर. मघाचं ते उड्या मारायचं लाव. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

"हो साहेब," मी म्हटलं.

तो खाली उतरला तसा एल्जिन माझ्यावर वाकला, सूर सांगतोय असं दाखवत. उड्या मारायचं ते गाणं आम्ही कधी कागदावर उतरवलंच नव्हतं. दोन ओळींचा तुकडा, तो सगळ्यांनी मिळून फिरवत राहायचा, आणि मध्ये एकेकाने उभं राहून आपली करामत दाखवायची. मनात आलं तर अर्धा तास चालायचं.

"एकेकजण पाणी प्यायला मागे जाईल तो परत येणार नाही," एल्जिन म्हणाला. "बस मक्याच्या शेताजवळ आहे. आधी ट्राँबोन, मग सॅक्सोफोन, बाकीचे ट्रम्पेट, होझिया, मग मी. माझ्यामागे टॉलिव्हर. शेवटी तू."

"मी का?"

"तुझा डावा हात थांबला की त्यांचे पाय थांबतात. आणि बाईमाणसाला कोण हात लावणार?"

हे बोलताना तो ट्रम्पेट पुसत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. अशा गावांतून बायकांना काय काय सोसावं लागलंय, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

टॉलिव्हर हा आमचा ड्रमवाला. चाळिशी उलटलेला, काटकुळा, जिभेला हाड नसलेला. माझ्या पाठीमागून म्हणाला, "रडू नकोस, सिस्टर. शेवटी राहणाऱ्यालाच सगळ्या टाळ्या मिळतात."

"तुझं थोबाड आवर," मी म्हटलं, आणि गाणं सुरू झालं.

बँड माझ्या पाठीशी होता. मान वळवायची नाही असं ठरलेलं. कोण गेलं ते मला कानांनीच कळत होतं. दोन्ही ट्राँबोन गेले. चार सॅक्सोफोनचे तीन झाले, मग दोन, मग ते दोघंही एकदमच गेले. घाई केली गाढवांनी. मी डोळे मिटून वाट बघितली, आता कुणी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. फळ्या दणाणत होत्या आणि पोरी खिदळत होत्या. मग ट्रम्पेट. मग होझियाचा बास थांबला आणि माझ्या पायाखालची जमीनच गेली. तो उंच बास लपवून नेता येणार नव्हता. होझियाने तो भिंतीला टेकवून ठेवला आणि रिकाम्या हातांनी निघाला, हे मला बसमध्ये कळलं.

आता बासचं कामही माझ्या डाव्या हातावर आलं. भीतीने माझी लय नेहमी वाढते.

"पळू नकोस," टॉलिव्हर हळूच म्हणाला. "माझ्याबरोबर राहा. असं. शहाणी गं बाई."

एल्जिनने त्या दिवशी जसं वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याने तुकडा संपवला, मी पुढच्याची वाट बघितली, आणि तो आलाच नाही. हे ठरलेलंच होतं. तरीही काळजात चर्र झालं.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. मघाशी ते पियानोच्या सगळ्या पट्ट्यांवर होतं, आता उजवीकडच्या सात-आठ पट्ट्यांवर उरलं होतं, आणि लाल झालं होतं.

पांढरे बूट परत स्टेजवर चढले.

"बाकीचे कुठे गेले गं?"

"पाणी प्यायला, साहेब. उकाडा फार आहे ना."

"सगळेच्या सगळे?"

त्याने मान वळवली आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. एक, दोन, असं बोटाने मोजायला लागला. लांबून बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. म्हणजे एल्जिन बसपाशी पोहोचला होता. आता टॉलिव्हरने निघायचं, आणि या माणसासमोर मी एकटीने उरायचं. माझा डावा हात अडखळला. खाली दोन जोड्या थांबल्या आणि वर बघायला लागल्या.

तेव्हा टॉलिव्हरने ड्रमवर घणाघात केला.

त्या काळात ड्रमवाला एकटा सुटला की लोक खुळ्यासारखे व्हायचे. नाच थांबायचा आणि सगळे स्टेजला येऊन चिकटायचे, त्याचे हात बघायला. तसंच झालं. पांढरे बूट मोजायचं विसरले आणि शिट्टी वाजवत तिकडे सरकले.

"या साहेब, या, जवळ या!" टॉलिव्हर ओरडला. "सर्कशीत तिकीट काढून बघाल ते इथे फुकट आहे!"

सगळे हसले. नाचघरातला एकूण एक डोळा त्या दोन काठ्यांवर होता. टॉलिव्हरने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि हे कुणासाठी चाललंय ते मला कळलं. जायची पाळी त्याची होती. मी पट्ट्यांवरून हात उचलले, उठले आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडले. मग मक्यातून धावत सुटले.

बसमध्ये सगळे वाकून बसले होते.

"टॉलिव्हर?" होझियाने विचारलं.

"येतोय मागून," मी म्हटलं. ते खोटं होतं. ड्रम वाजतच होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता.

आम्ही थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला तरी तो एका वाढदिवसापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा वाटला. मक्याच्या कणसांवरचं ऊन गेलं. मग एल्जिन म्हणाला, "चल, होझिया."

होझियाने मागे वळून एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने गिअर टाकला. तिथे पियानो वाजत असता तरी एल्जिन हेच म्हणाला असता, हे मला त्या क्षणी समजलं. त्याच हिवाळ्यात मी त्याला सोडलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्या एका शब्दासाठी त्याला शिव्या घातल्या. पण 'थांब' असं मीही म्हटलं नाही. चाकं हलली तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटते. ड्रम अजून चालू होता. तो थांबलेला ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती. मी दोन्ही कानांत बोटं घातली, ती लोखंडी पूल मागे पडून मैलभर झालं तरी काढली नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी कॅन्सस सिटीला आम्ही उतरलो होतो त्या घराच्या दारात टॉलिव्हर उभा राहिला. पायात एकच बूट. उजव्या हाताची तीन बोटं फडक्यात बांधलेली, काळीनिळी, नको तिकडे वळलेली. नाचघराच्या मागच्या पायऱ्यांवर धरला त्याला. हात जमिनीवर दाबून ठेवून पांढऱ्या बुटांनी तुडवला. मग कुणीतरी म्हणालं, आधी बाकीच्यांना पकडू, आणि त्या गडबडीत तो मक्यात घुसला. नदी पोहून पार केली. हे सगळं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. होझिया रडत होता. एल्जिन खिडकीतून बाहेर बघत होता.

"मी अंदाजाने वाजवत होतो," टॉलिव्हर म्हणाला. "बसला पुलापर्यंत जायला जेवढा वेळ लागेल तेवढं वाजवायचं, असं मनात धरलं होतं. पूल ओलांडलात तेव्हा वाजत होतं ना?"

मग त्याने मला विचारलं, कारण बँडमध्ये सगळ्यात तिखट कान माझे होते.

"व्हर्डेल, तू सांग. पुलावर ऐकू येत होतं?"

"हो," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट."