पाचशे बाराव्या पावतीचं भूत

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांची रांग पार हायवेपर्यंत गेली होती आणि सगळे ड्रायव्हर वजनकाट्याच्या केबिनला चिकटले होते. आत यंत्रनाथ बाबा कॉम्प्युटरला हळदकुंकू लावत होते. माउसला लिंबू-मिरची आधीच बांधून झाली होती.

नवीन पनवेलच्या अनुया मॅडमना हसू आवरेना. पण त्या कोमलसाठी आल्या होत्या, म्हणून गप्प राहिल्या. कोमल त्यांच्याकडेच कॉम्प्युटर शिकली होती आणि इथे दिवसपाळीला वजनाच्या पावत्या काढायची.

"हार्डडिस्कमध्ये अतृप्त आत्मा आहे!" बाबा गरजले. "जुन्या पावत्यांना चिकटलाय. पावत्या पुसा, आत्मा मुक्त!"

मालक उदयसिंह शेठनी पावत्या पुसल्या, बाबांनी नारळ फोडला आणि बंद पडलेला प्रोग्राम सुरू झाला. जयजयकार उठला. "चौथा चमत्कार!"

"म्हणजे भूत तीनदा परत आलं की," मॅडम म्हणाल्या. "गॅरंटी देत नाही वाटतं बाबा?"

बाबांनी कोमलकडे बोट केलं. "हिचा पायगुण! दर वेळी खुर्चीवर हीच. हिला काढा."

शेठनी मान खाली घातली. "कोमल, उद्यापासून नको येऊस."

"शेठ, माजी काय चूक हाय?" कोमलला रडू फुटलं. "दिवसाच गाड्या जास्त येतान. रातीला पावत्याच किती निगतान?"

मॅडमनी कान टवकारले. गाड्या जास्त, पावत्या जास्त, आणि प्रोग्राम बंद पडतो तोही दिवसाच. त्यांनी प्रोग्रामचा कोड उघडून वाचायला घेतला आणि थोड्या वेळाने खुर्ची मागे सरकवली.

"शेठ, भूत मी आत्ता बोलावते. कोमल, तू रस्त्यापलीकडे जाऊन चहा पी, म्हणजे तुझ्या पायगुणाचं नाव नको."

त्यांनी सटासट पाचशे अकरा रिकाम्या पावत्या भरल्या. "पुढची बाबांच्या पवित्र हातांनी."

"आमचं आज मौन आहे," बाबा म्हणाले.

"बटण दाबायला बोलावं लागत नाही."

गर्दीने रेटलं तसं बाबांनी बटण दाबलं. प्रोग्राम धाडकन बंद पडला.

"आयला, बाबांचाच पायगुण!" महादेव ड्रायव्हर ओरडला. मग त्याने जवळ जाऊन दाढीमागचा चेहरा न्याहाळला. "अरे, हा तर पलीकडच्या काट्यावर कामाला होता! तिथं पण हाच प्रोग्राम हाय."

"मग पावत्या पुसल्या की चालतं, हे तिथेच कळलं असणार," मॅडम म्हणाल्या. "महादेव, जुन्या ट्रकचा किलोमीटर मोजणारा मीटर सगळे आकडे नऊ झाले की कुठे जातो?"

"शून्यावर," महादेव म्हणाला.

"इथेही तेच. सगळ्या पावत्यांना मिळून किती जागा लागेल, याचा हिशोब प्रोग्राम एका छोट्या खान्यात ठेवतो. पाचशे बाराव्या पावतीला तो आकडा खान्यात मावत नाही, फिरून शून्य होतो. मग प्रोग्राम मेमरीकडे जागा मागतो शून्य आणि कोंबायला जातो पाचशे बारा पावत्या. पंगतीला गाव बोलवायचं आणि आचाऱ्याला सांगायचं, कोणीच येणार नाही! गोंधळ होणारच. खाना मोठा केला की झालं."

त्यांनी तेवढा बदल करून पाचशे बारावी पावती काढली. पुढची निघाली, त्याच्या पुढचीही निघाली.

शेठ स्वतः रस्ता ओलांडून कोमलला घेऊन आले. "चुकलो पोरी," एवढंच म्हणाले. बाबा तोवर कधीच पसार झाले होते.

मंडळी, यंत्र बिघडलं तर यंत्र तपासा. बाईच्या पायाला दोष दिल्याने आजवर कुठलंही यंत्र दुरुस्त झालेलं नाही, फक्त बायकांचं वाटोळं झालंय.

कोमल खुर्चीवर बसली आणि तिने आधी माउसचं लिंबू सोडलं. "मॅडम, बरा हाय लिंबू," ती डोळे पुसत म्हणाली. "सरबत करू?"