मजलिसमधला विस्तव

गजर होण्याआधीच वासंतीला जाग आली. पाय फरशीला लागताच तिने ते वर घेतले आणि आधी मोजे चढवले. रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी जानेवारीतली पहाट खरोखरीची थंड असते. दुबईच्या टॉवरांत राहणाऱ्यांना हे सांगूनही पटत नाही. तिने आलं ठेचून चहा उकळत ठेवला. शनिवारची सुट्टी होती, तरी ती काम करायची त्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या चाव्या खुंटीवर आहेत ना, हे सवयीने पाहिलं. मग कप घेऊन ती मजलिसमध्ये आली. अरबी घरातली ही मोठी बैठकीची खोली. तिच्या भिंतीत पूर्वीच्या कुणा भाडेकरूने फायरप्लेस बांधून घेतली होती. चिमणीतून रात्रभर पडलेली रेती तिने ब्रशने गोळा केली आणि मोजपट्टी काढून कोनाड्याची रुंदी पुन्हा एकदा मोजली. मागची बाजू पुढच्यापेक्षा अरुंद. ठाऊक होतं, तरी मोजली. आज मिस्त्री हमीद येणार होता.

त्या उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड पेटवलं की ऊब चिमणीतून आकाशात जाई आणि धूर घरात राही. म्हणून तिने इन्सर्ट निवडला होता: काचेचं दार असलेली ओतीव लोखंडाची पेटी. ती कोनाड्यात बसते आणि तिच्यातून निघालेली पोलादी नळी चिमणीतून छताबाहेर जाते. दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात विक्रेत्याने तिच्यापुढे सर्वांत मोठी पेटी ठेवली होती. एवढ्या खोलीला ती जास्त होईल, सारखी मंद ठेवावी लागेल आणि काच काळी पडेल, असं म्हणून वासंतीने लहान पेटी घेतली. घरमालक फहदने परवानगी देताना एकच अट घातली होती: नळी छतापर्यंत नवी हवी. ती अट तिला मनापासून पटली.

हमीद नळी घेऊन छतावर चढला, तेवढ्यात निखिल आला. तिचा मुलगा दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसहून एकटाच गाडी हाकत आला होता आणि त्याच्या हातात भलामोठा खोका होता. वासंतीचा नवरा सुदेश मार्चमध्ये वारल्यापासून आईने आपल्याकडे राहायला यावं, असा त्याचा आग्रह चालू होता. घराचा करार या महिन्यात संपत होता, आणि तिच्यासाठी तिकडे खोलीही तयार होती.

"आई, हे बघ. इलेक्ट्रिक आहे. प्लग लावला की ज्वाळा! आणि आमच्याकडे येताना उचलून आणता येईल."

"ज्वाळा कसल्या? टीव्ही आहे तो."

"अगं, आई दुबईजवळ शेकोटी बसवतेय म्हटल्यावर ऑफिसात सगळे हसले."

"त्यांना एकदा पहाटे इथे आंघोळीला पाठव."

निखिलचा आवाज खाली आला. "बाबांची आठवण म्हणून हवं असेल, तर आपण दुसरं काहीतरी..."

"बाबांची आठवण?" वासंतीला हसू आलं. "तुझे बाबा बारा वर्षं याच्या विरोधात होते. 'वासू, हीटर आण आणि गप्प बस.' माणूस लाखाचा, पण या बाबतीत साफ चुकलेला. हे मला हवंय, निखिल. माझ्यासाठी."

त्याने शेवटचा उपाय म्हणून पुण्याच्या आत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वासंती, अगं वर्ष व्हायचंय अजून," अनुराधावन्सं म्हणाल्या. "अशा घरात नवी चूल मांडतात का?"

"वन्सं, दिवस होईपर्यंत या घरात चूल पेटली नाही. शेजारून डबे आले, ते मी मुकाट्याने खाल्ले. दिवाळीला कंदील लावला नाही, परवा संक्रांतीला तीळसुद्धा भाजले नाहीत. सगळं पाळलं. पण थंडी काही सुतक पाळत नाही हो."

"लोक काय म्हणतील?"

"इथे डोंगरावर बकऱ्या आहेत. त्या काही म्हणत नाहीत."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. निखिल सोफ्यावर बसून राहिला. वर छतावर हमीदने नळीला टोपी बसवली, रेती आणि पक्षी आत शिरू नयेत म्हणून जाळी घट्ट केली. खाली येऊन त्याने पेटी सरकवली, नळी जोडली, सांधे भरले, आणि एक कागद पेटवून धूर वर ओढला जातो का ते पाहिलं. धूर सरळ वर गेला.

"खलास, मॅडम," हात पुसत तो म्हणाला. "अब आप लोग पहले लाल लगाते हैं ना? हमारा पुराना मुकादम ड्रिल मशीन को भी लगाता था."

निखिलने मान खाली घातली. "रुपालीला बोलावू का? ती लावेल... उद्या पेटवू."

सून येऊन कुंकू लावील, तोवर पेटी थंड राहील, आणि उद्याचा परवा होईल. कपाटासमोर स्टूल ओढून वासंती त्यावर चढली. वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या बश्यांमागे हळदकुंकवाचा करंडा होता. मार्चमध्ये वन्संनीच तो तिथे सरकवला होता.

तिने लोखंडी चौकटीवर हळद लावली, मग कुंकू. बोट लालच राहू दिलं. त्याच बोटाने फोनवर फहदला कळवलं, करार पुढे चालू ठेवायचा आहे. पेटीच्या नव्या रंगाचा वास सुटेल म्हणून खिडकी उघडली, पेटीत समर या इथल्या बाभळीच्या सुक्या काटक्या रचल्या आणि काडी ओढली. पहिला जाळ लहानच ठेवायचा असतो; तिने तो लहानच ठेवला.

निखिल उठला, खोका उचलून गाडीत ठेवून आला आणि परत येताना बाहेरच्या ढिगातलं एक जाड लाकूड घेऊन आला.

"इतक्यात नको," वासंती म्हणाली. "थोड्या वेळाने."

आणि तिने पेटीचं काचेचं दार लावून घेतलं.