टाळ्या पडतील ते कॉलेज

मंडळी, शेजारच्या मुलीला आपण विचारतो, "काय गं, कुठल्या कॉलेजात?" तेव्हा आपल्याला तिची काळजी असते, की तिला कुठल्या पायरीवर बसवायचं एवढंच ठरवायचं असतं? आधी मनाशी याचं उत्तर द्या, आणि मग ही गोष्ट ऐका.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मेरो स्प्रिंग्ज गावात माणसाची पत गाडीच्या मागच्या काचेवरून ठरते. लेकरू ज्या कॉलेजात शिकतं, त्याच्या नावाची चिकटपट्टी तिथे लावायची रीत आहे. व्हर्नेल मेब्रीची काच मात्र कोरी होती. तिची मुलगी डिअँड्रा गावातल्याच, पशुखाद्याच्या दुकानामागच्या कॉलेजात जायची. तिथे पहिली दोन वर्षं शिकायचं आणि उरलेल्या पदवीसाठी मोठ्या कॉलेजात बदली घ्यायची, अशी सोय होती. गोरगरिबांची पोरं त्याच वाटेने पुढे जायची. पण त्या कॉलेजचं नाव काचेवर लावायला व्हर्नेलचा हात धजत नव्हता.

यंदा बदलीसाठी दोन ठिकाणांहून होकार आले. एक हॅदर्ली विद्यापीठ. नाव घेताच समोरचा सरसावून बसेल असं. दुसरं टॅलिस स्टेट, गावापासून तासाभराच्या अंतरावर. त्याच संध्याकाळी व्हर्नेलने काचेवर हॅदर्लीची पट्टी चिकटवली. मुलीला विचारलंही नाही.

"आई, मी अजून काही ठरवलेलं नाही," शनिवारी स्वयंपाकघरात डिअँड्रा म्हणाली.

"ठरवायचंय काय त्यात?" व्हर्नेल भाजीची पानं देठापासून ओरबाडत होती. "उद्या चर्चमध्ये कॉलेज-रविवार. डीकन हॉलिसना मी नाव देऊन टाकलंय."

"देऊन टाकलंस? सोमवारी मला कळवायचंय त्यांना. मला."

"मग सोमवारी कळव. हॅदर्लीला."

"ते माझे निम्म्याहून जास्त विषय धरत नाहीत गं. ते सगळे पुन्हा करायचे. आणि कर्णबधिर मुलांना कसं शिकवायचं, तो विषयच नाही तिथे. टॅलिसमध्ये सगळं धरतात. त्यांच्या आवारात बहिऱ्या मुलांची शाळा आहे, पहिल्या आठवड्यापासून वर्गात उभं करतात."

"एकदा हॅदर्लीचं नाव लागलं की काय शिकलीस ते कोण विचारतंय? तुझी ओडेसा मावशी दर वर्षी माझ्याकडे बघून कशी हसते, ते तुला नाही दिसत. मला दिसतं."

डिअँड्राला शिसारी आली. आईची, मावशीची, त्या पट्टीची. पण खरं सांगायचं तर आईने आणलेला हॅदर्लीचं नाव छापलेला सदरा तिने आरशासमोर घालून पाहिला होता, आणि बराच वेळ काढला नव्हता.

आता त्या चर्चची कॉलेज-रविवारची पद्धत ऐका. ज्यांच्या कॉलेजचा डंका मोठा, त्यांना डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, हॉलिस आधी पुढे बोलवायचे. नाव, कॉलेज, टाळ्या, ऑर्गनचा सूर. मग त्याखालचे. आणि सगळ्यांत शेवटी, "आपल्या गावच्या कॉलेजातल्या मुलांनी जागच्या जागी उभं राहावं." नावं नाहीत. उभं राहायचं आणि बसायचं. डिअँड्रा गेली दोन वर्षं अशीच उभी राहून बसली होती.

या रविवारी पहिलं नाव तिचं आलं. "डिअँड्रा मेब्री, हॅदर्ली विद्यापीठ!" सगळं चर्च उभं राहिलं. व्हर्नेलने रुमालाने डोळे टिपले. डिअँड्राच्या अंगावरून एक गोड शिरशिरी गेली, आणि ती तिने नाकारली नाही. शेवटी मागच्या बाकांपाशी तिघंजण उभे राहिले आणि बसले. त्यांच्याकडे कुणी मान वळवली नाही.

त्यानंतर पास्टरांचं प्रवचन रंगलं. बोलता बोलता त्यांचा आवाज गाण्यात शिरला, एकेक ओळ वर चढत गेली, ऑर्गन मागून उत्तर देऊ लागला. देवाच्या दारी पुढची रांग नाही, मागची रांग नाही, ते गात होते, आणि लोक हात उंचावून "आमेन" म्हणत होते. काय तो गळा! दगडाला पाझर फुटावा. पण नुकत्याच लावलेल्या रांगा कुणालाच आठवल्या नाहीत. अमृतासारखं गाणं कानावर पडत होतं आणि आत एक थेंब उतरत नव्हता. याहून किळसवाणं काय असतं, मंडळी?

जेवणं मागच्या दालनात होती. तळलेली कोंबडी, भाजी, मक्याचा पाव. डिअँड्रा ओडेसा मावशीशेजारी बसली होती. मघाशी मागच्या बाकापाशी उभी राहिलेली लकेंड्रा पूल ताट घेऊन तिच्याजवळ आली.

"डिअँड्रा, आपल्या कॉलेजातला विटलोबाईंचा खुणांच्या भाषेचा वर्ग तू केला होतास ना? मी यंदा घेणारेय. चांगला आहे का गं?"

मावशी कान टवकारून ऐकत होती. डिअँड्राने ओठ मुडपला. "तिथलं काय असणार? वेळ घालवायला बरं आहे."

मावशी खुदकन हसली. "कशी बोलली बघ, हॅदर्लीवाली."

लकेंड्रा ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेली.

डिअँड्राच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तो मुडपलेला ओठ मावशीचा होता. आवाजही मावशीचाच. विटलोबाईंनी वर्ग संपल्यावर मुद्दाम मागे थांबून खुणांसाठी तिची बोटं वळवली होती. पहिल्यांदा एक बहिरा मुलगा तिच्या हातांकडे बघून हसला, तो त्याच वर्गात. आणि ती काय बोलून गेली? तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि चूळ भरली.

तिथे मदर पर्व्हिस उरलेलं जेवण डब्यांत भरत होत्या. चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणून 'मदर', आणि गावच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका.

"कोंबडी बिघडलीय की तू?" त्यांनी विचारलं.

डिअँड्राने सगळं सांगितलं. लकेंड्राला काय बोलली, तेही.

"हं. हॅदर्ली तुझे निम्मे विषयसुद्धा धरत नाही म्हणालीस?"

"हो."

"म्हणजे त्यांनी तुला घेतलंय कुठे, बाळ? अर्धी डिअँड्रा फाटकाबाहेर टाकायची आणि उरलेली आत न्यायची. आणि ती बाहेरची डिअँड्रा तू आजपासूनच थुंकून टाकायला लागलीस."

"पण मदर, मोठ्या ठिकाणी जाणं वाईट का?"

"मी कुठे म्हणाले वाईट? तुला जे शिकायचंय ते तिथे असतं, तर वाटेचा डबा मीच भरून दिला असता. तू कुठे शिकायला जातेस ते मला सांग. कुठे मिरवायला जातेस ते ओडेसाला सांग, तिला आवड आहे. बदली घेताना एवढंच विचारायचं, की टाळ्या थांबल्यावर मी तिथे सकाळी उठून काय करणार आहे?"

डिअँड्राने भरलेल्या एका डब्याचं झाकण लावलं.

"आणि आई?"

"आई रडेल. मग जेवेल. माझ्या वर्गातच होती ती, मी ओळखते तिला."

जेवणानंतर मुलांनी दोन शब्द बोलायची पद्धत होती. डिअँड्राच्या हाती माइक आला.

"डीकन हॉलिसांनी वाचलं ते खरं नाही," ती म्हणाली. "मी टॅलिस स्टेटला जातेय, बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिकायला. दोन वर्षं मी पशुखाद्याच्या दुकानामागे शिकले. मला जे काही येतं ते विटलोबाईंनी शिकवलं. लकेंड्रा, मघाशी मी घाणेरडं बोलले. तो वर्ग नक्की घे. मला माफ कर."

टाळ्या पडल्या नाहीत. मावशीने तोंड फिरवलं. लकेंड्राने मान हलवली, हसली नाही. हसावं असं काही झालंही नव्हतं. मागून मदर पर्व्हिसांचा एकटा आवाज आला, "आमेन." पास्टर बराच वेळ खाली बघत राहिले.

घरी जाताना व्हर्नेल रडली. घरी पोचल्यावर जेवलीसुद्धा.

सोमवारी सकाळी डिअँड्रा टॅलिसला होकार कळवायला बसली, तेव्हा व्हर्नेल मागे येऊन उभी राहिली.

"तुझे सगळे विषय धरतात म्हणालीस?"

"सगळे."

"एकही वाया नाही?"

"एकही नाही."

व्हर्नेल खुर्ची ओढून शेजारी बसली. "म्हणजे कुणीतरी तुझी दोन्ही वर्षं पूर्ण मोजली," ती हळूच म्हणाली. "आणि मी तुझी आई असून लाजत राहिले."

मंडळी, लेकराने कुठे शिकावं हे शेजाऱ्याच्या भुवईला विचारू नका. जिथे त्याने कमावलेलं सगळं त्याच्यासोबत आत जातं आणि त्याला हवं ते काम हाताशी येतं, तीच त्याची जागा. आणि जिथून ते निघालं त्या जागेचं नाव घेताना ओठ मुडपणार असाल, तर प्रार्थनेला उभं राहण्याआधी तोंड धुऊन या.